फेरारोंची भावकी

मुलांनो, इथे परदेशात, पेंडल हिलला राहायला आले त्या दिवशी शेजारच्या फेरारोंनी मला साधं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. कुंपणावरून विचारलं, "आडनाव काय? आणि अर्थ?" जोशी म्हणजे ज्योतिष पाहणारे, हे त्यांनी वहीत टिपलं आणि हिरमुसून आत गेले. मला रागच आला. जोशी काय वाईट?

पुढे कळलं. फेरारो म्हणजे इटालियनमध्ये लोहार. जगात ज्याच्या ज्याच्या आडनावाचा अर्थ लोहार, तो त्यांचा भाऊबंद. जर्मन श्मिट, हंगेरियन कोव्हाच, अरबी हदाद. औषधाच्या दुकानातल्या लेबनीज हदादला ते दर शनिवारी परसातले टोमॅटो देऊन येत. भावकी म्हणून. तो बिचारा घेई. आपल्याकडे चक्क लोहार हेच आडनाव असतं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे एखाद्या लोहारांचा पत्ता मागितला.

या भावकीतून एकच माणूस बाद होता. त्यांचा मुलगा अँथनी, सगळ्यांचा टोनी. दुकानाच्या पाटीवर सोपं पडतं म्हणून त्याने आडनाव बदलून स्मिथ केलं होतं. सहा वर्षं फेरारो त्याच्याशी बोलले नव्हते. "बापाचं नाव टाकलं, सिन्योरा. जुने बूट टाकतात तसं." हे पोस्टमनपासून नळ दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं.

अर्धवट तर्क मला खपत नाही. एकदा म्हटलं, स्मिथ म्हणजेही लोहारच की, मग तो भावकीत का नाही? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पोराला फितवलं होतं. पंधरा दिवस माझ्याशीही अबोला.

गेल्या महिन्यात ते परसात पडले. ॲम्ब्युलन्समधून मी सोबत गेले. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, जवळचं माणूस कोण? मी माझं नाव सांगणार, तेवढ्यात स्ट्रेचरवरून आवाज आला, "अँथनी स्मिथ." पाठोपाठ फोन नंबर, न अडखळता.

मुलीने स्क्रीनवरून नजर उचलली. आडनाव वेगळं दिसतंय, म्हणाली, नातं काय लिहू?

फेरारो कोपरावर रेटून उठायला लागले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"वेगळं कसं? तेच आडनाव आहे. त्याने फक्त इंग्लिशमध्ये लिहिलंय."

मग डोकं उशीला टेकवून, डोळे मिटून म्हणाले, "मुलगा. मुलगा लिही."