उंबऱ्याबाहेर बसणारा एल्डर

वीस वर्षांचा धडधाकट मुलगा माझ्या घरात पाऊल ठेवायला घाबरायचा. कारण काय, तर मी बाईमाणूस आणि घरात एकटी.

माझं वय चौऱ्याहत्तर. गुडघे कामातून गेलेले, खालचे दात नाहीत. मी त्याला म्हटलं, "अरे, तुझ्या आजीपेक्षा मोठी असेन मी." तर हात जोडून म्हणाला, "नियम आहे, आजी. घरातला कोणी पुरुष हजर पाहिजे." आणि उंबऱ्याच्या बाहेर ओट्यावर बसला. बसायच्या आधी बूट काढले आणि एकाशेजारी एक नीट लावून ठेवले. ज्याला आत यायचंच नाही त्यानं बूट कशाला काढावेत, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याचं नाव एल्डर दासरी. पांढरा शर्ट, काळा टाय आणि खिशावर नावाची काळी पाटी. मे महिन्यातसुद्धा तो टाय. एल्डर म्हणजे वडीलधारा, हे त्यानंच सांगितलं. दाढी रोज करावी लागते की नाही अशी शंका यावी असं तोंड, आणि वडीलधारा!

"मग मी कोण?"

"तुम्ही आजी."

हा मान एल्डरच्या वरचा की खालचा, ते काही बोलला नाही.

तो मॉर्मन. ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ आहे तो. त्यांची पोरं ऐन उमेदीत दोन वर्षं घर सोडून परगावी राहतात आणि देवाचं सांगतात. हा आंध्रातला, राजमहेंद्रीकडचा. सातपूरला आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आला. बरोबर दुसरा एल्डर, त्याचा जोडीदार. दोघांनी एकमेकांच्या नजरेआड जायचं नाही, हाही नियम. एक भाजी घ्यायला थांबला की दुसरा वांग्यांकडे बघत उभा. माझ्या नवऱ्याला असा एक जोडीदार असता तर माझं आयुष्य सोपं गेलं असतं.

सकाळी साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवा बंद, सिनेमा नाही, मुलींशी हसणं-खिदळणं नाही. हे सगळं मी ऐकून घेतलं. पण चहा नाही म्हणाला तेव्हा मी हातातली किटली खाली ठेवली.

"म्हणजे सकाळचा नाही?"

"कधीच नाही, आजी."

"ताप आला तर? आल्याचा?"

"तरी नाही."

सातपूरला पन्नास वर्षं मी कंपनीतली माणसं बघितली. दारू सोडलेली बघितली, बायको सोडलेली बघितली. चहा सोडलेला हा पहिलाच. मग मी त्याला दूध द्यायला लागले. जोडीदार एक पेला प्यायचा, हा दोन.

शेजारच्या कमलताई भिंतीवरून म्हणाल्या, "शेवंताबाई, जपून हं. बाटवायला आलेत."

"मला बाटवून काय मिळणार त्यांना? माझे गुडघे?"

आणि तेच मी त्याला विचारलं. मी तोंडावर बोलणारी बाई आहे. चौथी पास. जे मनात ते तोंडात, खोटं आयुष्यात बोलले नाही, असं मी सगळ्यांना सांगत असते. तो जरा लाल झाला. म्हणाला, "आम्ही स्वतःहून काही सांगत नाही. तुम्ही विचारलं तर सांगू."

"मग मी विचारत नाही."

"ठीक आहे."

त्या दिवसापासून जाता-येता तो दोन वाक्यं टाकायचा. एक, "काही मदत करू का, आजी?" आणि मग थोडं थांबून, "काही विचारायचं आहे का?" भाकरीची वाट बघणारं मांजर जसं चुलीपासून जरा लांब बसतं, तसा चेहरा करून.

"नाही," मी म्हणायची.

"ठीक आहे."

मदत मात्र मी भरपूर घेतली. सोमवार त्यांचा सुट्टीचा. कपडे धुवायचे, बाजार करायचा, घरी फोन करायचा. जोडीदार जिन्यात बसून आईशी तासभर बोलायचा. मोठ्यानं हसायचा, जेवणात काय काय होतं ते सगळं सांगायचा. तेवढ्या वेळात दासरी माझी तांब्यापितळेची भांडी घासायचा. मी भांडी ओट्यावर आणून ठेवायची, चिंच आणि मीठ द्यायची, आणि तो टाय खांद्यावर टाकून बाहेरच्या नळावर बसायचा. तुझा फोन नाही का, असं मी विचारलं नाही. मला भांडी घासून हवी होती.

भांड्यांवरची नावं हा त्याला मोठा शोध लागला. आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव टिंबाटिंबांनी घालतात. त्याला हिंदीपुरती अक्षरं येत होती. एकेक अक्षर जुळवून वाचायचा आणि मग विचारायचा, "हे काशिनाथ कोण?" माझा सासरा. "ही यमुना?" सासू. एके सोमवारी खिशातून एक छापील कागद काढला. त्यावर चौकोनच चौकोन. मधे माझं नाव, बाजूला नवरा आणि सासू-सासरे, वर माझे आईबाप, त्यांच्या वर त्यांचे आईबाप. तीन पिढ्या.

त्यानं माझ्या मागं जी भुणभुण लावली ती खानेसुमारीवाल्यालाही जमली नसती. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला बघितला. सासूचं जुनं रेशनकार्ड बघितलं. मी म्हटलं, "अरे, माझा नवरा होता हे देवाला माहीत आहे की."

"देवाला माहीत आहे, आजी. कागदाला माहीत नाही."

हे त्याचं आवडतं वाक्य. पुरावा असल्याशिवाय चौकोनात पेन टेकवायचा नाही.

शेवटी मी वैतागून म्हटलं, "मेलेल्यांची नावं घेऊन करायचंय काय तुला?"

त्याचा हात थांबला. तोंडभर हसला. "आजी, तुम्ही विचारलं!"

झालं. बांध फुटला. हात चिंच-मिठानं भरलेले तसेच हवेत धरून सांगायला लागला. मेल्यावर सगळं संपत नाही. घरातली माणसं पुन्हा भेटतात. नवराबायको, मुलं, आईबाप, सगळं कुटुंब कायम एकत्र राहतं.

"कायम म्हणजे किती?"

"कायम, आजी. शेवटच नाही."

"आणि सासू?"

"सासू पण!"

"चल ऊठ," मी म्हटलं. "चौतीस वर्षं काढली मी त्या बाईबरोबर या दोन खोल्यांत. मरेपर्यंतचा करार होता, तो मी पाळला. आता पुन्हा नाही."

जिन्यातला जोडीदार फोनवर बोलता बोलता थांबला. दासरी गंभीरपणे म्हणाला, "तिथे सगळ्यांचे स्वभाव सुधारलेले असतात."

"तू तिला ओळखत नाहीस," मी म्हटलं. "आणि मी परत काही विचारणार नाही."

कागद भरत आला. एकच चौकोन राहिला. माझ्या आईच्या आईचा. तिला आम्ही मोठी माय म्हणायचो. मी सहा वर्षांची असताना ती गेली. तिचं नाव मला माहीत नव्हतं. कधी कोणी घेतलंच नाही. तीन सोमवार तो विचारत राहिला. मला आधी लाज वाटली, मग लाजेचा राग आला, आणि मी म्हटलं, "रंगूबाई."

"कशी होती?"

"काळी. धिप्पाड. पाण्यात बसायला फार आवडायचं."

त्यानं चौकोनाखाली बारीक अक्षरात लिहिलं. "स्वभाव?"

"मारकी."

पुरावा मागेल म्हणून मी वाट बघितली. मागितला नाही. "आजी खोटं बोलत नाही," असं म्हणून त्यानं ठळक शाईत नाव लिहून टाकलं.

रंगू ही आमची माहेरची म्हैस.

मला वाटलं, एवढ्यावर भागलं. पण मे महिन्यात त्याची दोन वर्षं संपली. त्यानं सांगितलं की पुढच्या सोमवारी तो माझा कागद त्यांच्या कॉम्प्युटरवर चढवणार आणि मंगळवारी गाडीत बसणार. एकदा चढला की कागद जगाच्या अंतापर्यंत राहतो म्हणे.

"दोन वर्षांत खूप लोकांचे सुरू केले," तो म्हणाला. "पूर्ण एकच झाला. तुमचा." मग जरा लाजून म्हणाला, "मी रोज प्रार्थनेत ही सगळी नावं घेतो. रंगूबाईंचं पण."

मी आत गेले आणि चहा ठेवला. चहा नासल्यासारखा लागला. जन्मात एकदा खोटं बोलले, तर ते जगाच्या अंतापर्यंत राहणार. आणि या येड्यानं दोन वर्षांत केलेलं एकच पुरं काम, त्यात मी म्हैस बसवून ठेवली होती.

गुरुवारी द्वारका चौकातून सटाण्याची एसटी धरली. माहेर सटाण्याजवळच. तिथं माझी भावजय. भाऊ गेल्यापासून आमचं बोलणं बंद होतं, अकरा वर्षं. कारण आईचा तांब्याचा हंडा. तो मोठ्या मायनं आईला लग्नात दिलेला. मोठी माय विधवा होती, लेकीचं लग्न तिनं एकटीनं केलं, म्हणून हंड्यावर तिचं स्वतःचं नाव घातलेलं, असं आई सांगायची. पुरुषमाणूस असता तर त्याचं असतं. ते नाव काय, हे मी आईला कधी विचारलं नाही. पोरं विचारत नाहीत.

भावजय दारात उभी राहिली. "काय वं बाई, हांडा मांगाले उनी का?"

"हंडा नको. त्याच्यावरचं नाव वाचायचंय."

हंड्यात कांद्याचं बी भरून ठेवलं होतं. बाहेरून इतका काळा की नावच काय, तांबंही दिसेना. तिनं बी डब्यात ओतलं, हंडा फडक्यानं झटकला, माझ्या पुढ्यात आपटला आणि म्हणाली, "ली जाय आते. आमना घरमा अडचणच शे."

अकरा वर्षांचं भांडण मिटायला अकरा शब्दही लागले नाहीत. येताना हंडा मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "आजी, पाणी भरायला निघाल्या का?" मी तिकिटाचे पैसे पुढं केले.

सोमवारी हंडा ओट्यावर ठेवला. दासरी दोन पेले दूध पिऊन घासायला बसला. जोडीदार जिन्यात फोनवर. बऱ्याच वेळानं काळं सुटलं आणि कडेखाली टिंबं दिसायला लागली. तो ओठ हलवत वाचत गेला.

"चि. सौ. कां. अनुसया हिस... आई... तुळ... तुळसाबाई हिजकडून." वर बघितलं. "तुळसाबाई कोण?"

मीही ते नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकत होते. "माझी आजी," मी म्हटलं.

त्यानं बोटांवर मोजून बघितलं. कागदात आजीचे चौकोन दोनच. "मग रंगूबाई?"

"म्हैस."

नळ चालू होता. तो उठला, नळ बंद केला, परत बसला. "आजी, मी तिच्यासाठी पाच महिने प्रार्थना केली."

"लागली असेल. फार दूध द्यायची."

मला वाटलं, आता रडेल किंवा चिडेल. तो हसायला लागला. एवढा हसला की टाय हंड्यात पडला. जोडीदार फोन सोडून धावत आला, तर याला धड सांगताही येईना.

मग त्यानं पिशवीतून कोरा कागद काढला, नव्यानं लिहायला. त्याबरोबर घडी पडलेला दुसरा एक कागद बाहेर आला. मी उचलला. तसेच चौकोन. मधे एकच नाव, जोसेफ. वरचे सगळे चौकोन रिकामे.

"हा कोणाचा?"

"माझा," तो म्हणाला. "मी हॉस्टेलमध्ये वाढलो, आजी. लहान असताना कोणीतरी आणून सोडलं. आईचं नाव मला मेरी वाटतं. पण पुरावा नाही."

दर सोमवारी तो माझी भांडी का घासायचा, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. उशीरच झाला, पण मी चौथी पास आहे.

"त्यातल्या एका आजीच्या चौकोनात माझं नाव घाल," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. "खोटं लिहिता येत नाही."

बरोबर होतं त्याचं. ज्यानं नुकतीच कागदातून म्हैस बाहेर काढली, त्याला आणखी काय सांगणार? त्यानं तुळसाबाई लिहिलं, दोनदा तपासलं, कागद नेला.

दुपारी मी भांड्याच्या दुकानात गेले. पेला निवडला, जाड बुडाचा. दुकानदार मशीन घेऊन बसला. "नाव सांगा, आजी. कोण, नातू का?"

"तू घाल. चौकशा करू नको."

मंगळवारी सकाळी दोघं बॅगा घेऊन खाली आले. दासरीनं बूट काढले आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी पेला दुधानं भरून दिला. तो प्यायला, आणि रिकामा पेला परत देताना त्याला बाजूची टिंबं दिसली.

"चि. जोसेफ यास," त्यानं वाचलं, "आजी शेवंताबाई हिजकडून. सातपूर."

पुढं काही वाचायचं नव्हतं, तरी तो वाचतच राहिला.

"कागदाचं तू बघ," मी म्हटलं. "भांड्याला माहीत आहे. आणि मला एक विचारायचंय."

त्यानं मान वर केली. डोळे भरले होते, पण सवयीनं चेहरा तसाच झाला, चुलीजवळच्या मांजरासारखा.

"तुमच्या त्या वरच्या जगात बाईमाणूस एकटं असलं तर आत यायला चालतं का रे?"

त्यानं विचार केला. खरं तेच सांगायचं होतं त्याला.

"चालतं, आजी," तो म्हणाला. "तिथे चालतं."

"मग ये," मी म्हटलं. "चहा मी माझ्यापुरताच टाकीन."