वस्तादांचा सव्वा लाखाचा दावा

"सत्तर हजार? अगं, सत्तर हजारांत हल्ली नुसता हॉर्न येतो! सव्वा लाखाला एक छदाम कमी घेणार नाही. लिहून ठेव!"

असं म्हणून वस्तादांनी विमा कंपनीचं पत्र टेबलावर असं आपटलं की बायकोचा चहा बशीत आला.

वस्ताद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जुन्या फर्निचरच्या धंद्यात तीस वर्षं घासल्यावर बाजाराने बहाल केलेली ही पदवी. आणि ती उगाच नव्हे हं! एकदा त्यांनी तीन पायांची खुर्ची 'कोपऱ्यात टेकवायची खास खुर्ची' म्हणून विकली होती, आणि ते गिऱ्हाईक आठवड्याने परत आलं ते अजून एक मिळेल का विचारायला! धंद्यात त्यांचा नियम एकच. आपल्या मालाला आपल्या तोंडाने नावं ठेवायची नाहीत. लाकूड काळं पडलं तर ते 'मुरलेलं', फळी वाकली तर ती 'डौलदार', आणि वाळवीने खाल्लं असेल तर ती 'नक्षी'.

गाडी मात्र त्यांच्या मालानेच मारली. दुकानाच्या वरच्या मजल्यावरून मोठं शिसवी कपाट दोरीने खाली उतरवत होते. दोर सुटला. खाली वस्तादांची एकोणीस वर्षांची गाडी उभी होती. कपाट बॉनेटवर आलं, काच फुटली, पत्रा आत गेला, एक दिवा लोंबायला लागला. गर्दी जमली. वस्ताद धावत बाहेर आले, त्यांनी आधी कपाटावरून हात फिरवला आणि गर्दीकडे वळून म्हणाले, "बघा! ओरखडासुद्धा नाही! आजकाल मिळतं का असं कपाट?" आणि तिथल्या तिथे ते विकलं!

पुढे विमा कंपनीने हिशेब केला. गाडीची किंमत सत्तर हजार, दुरुस्तीचा खर्च अठ्ठावन्न. दुरुस्ती किमतीच्या पाऊण पटीच्या वर गेली की गाडी मोडीत, असा त्यांचा नियम. तेव्हा गाडी मोडीत, आणि सत्तर हजार मालकाच्या हातात.

बायकोला हे पत्र वाचून आनंदच झाला होता. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये बारा वर्षं काचपट्ट्यांवर डोळे फोडत होती. आता कुठे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नवी शाखा निघत होती आणि तिथली मुख्य म्हणून तिचं नाव लागलं होतं. पण पहिल्या तारखेपासून सकाळी सातला हजर! त्या वेळेला तिकडे बस नाही, आणि ती जागा मिळावी म्हणून दोघंजण टपून बसलेले. घराच्या वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आपली पाच वर्षांची गाडी विकत होत्या. दोन लाख दहा हजार. बायकोने साठवलेले एक लाख चाळीस, आणि हे सत्तर. बेरीज चोख.

"अहो, घ्या ना मुकाट्याने," ती म्हणाली. "महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत डॉक्टरीणबाई. माझी बारा वर्षं आहेत हो त्यात."

"म्हणून तर! तू त्यांना सांग, पैसे येतायत. वर पंचावन्न हजार उरले की तुला सीटकव्हरं, आणि मला..."

"मला काही नको. मला सत्तर हजार हवेत."

"तुझा नवरा कोण आहे हे कंपनीला अजून कळलेलं नाही," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

पाऊण तास फोन चालला. पलीकडचा कारकून आधी 'नियम' म्हणत होता, मग 'बघतो' म्हणायला लागला आणि शेवटी 'ठीक आहे साहेब, बुधवारी आमच्या सर्व्हेअर पुन्हा येतील, पण आता फोन ठेवा' म्हणाला. वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला.

बुधवारच्या आधी वस्ताद गॅरेजमध्ये दोन दिवस ठाण मांडून बसले. गाडी तिथे ताडपत्रीखाली पडली होती.

"मिस्त्री, हिला जरा तयार करायची."

मिस्त्री पाना हातात धरून बघतच राहिला. "वस्ताद, मोडीत काढलेली गाडी आहे ही. तयार कशाला करायची?"

"मिस्त्री, गिऱ्हाइकासमोर माल कधी पारोसा ठेवायचा नाही! बॉनेट ठोकून सरळ कर. काच जुनी कुठली तरी बसव. तो दिवा वर बांध."

"पण वस्ताद, ती मोडकी दिसली तरच पैसे..."

"तू गाड्या किती विकल्यास आजवर?"

"एकही नाही."

"मग?"

मिस्त्रीने खांदे उडवले आणि हातोडा घेतला. बॉनेट ठोकलं. जिथे ठोकता येईना तिथे वस्तादांनी दुकानातून लाकडाच्या भेगा बुजवायची पुट्टी आणून स्वतः भरली. वरून कपाटाला मारतात ते पॉलिश! तीन हात! एकोणीस वर्षांत गाडी कधी इतकी चमकली नव्हती. वास मात्र दिवाणखान्याचा यायला लागला. इंजिनात मिस्त्रीने दोन नळ्या बदलल्या, आणि किल्ली फिरवल्याबरोबर गाडी सुरू झाली! मिस्त्री स्वतःच दोन पावलं मागे सरकला.

बुधवारी सर्व्हेअर बाई आल्या. हातात पाटी, पाटीवर कागद, कानाला पेन. बोलणं जेमतेम. वस्तादांना अशी गिऱ्हाइकं फार आवडत. गप्प माणसासमोर आपल्याला बोलायला भरपूर जागा मिळते!

"ही गाडी?" बाईंनी हातातला जुना फोटो बघितला, गाडी बघितली, पुन्हा फोटो बघितला.

"हीच! निवांत बघा. घाई नाही."

"एकोणीस वर्षं झालीत हिला."

"मुरलीय!" वस्ताद म्हणाले. "नव्या गाड्यांचा पत्रा बघा, नखाने दाबला तर आत जातो. हिच्यावर साडेतीन मणांचं शिसवी कपाट पडलं बाई, पहिल्या मजल्यावरून! दुसरी गाडी असती तर केराच्या पिशवीत भरून न्यावी लागली असती!"

बाईंनी लिहिलं. "म्हणजे नुकसान वरवरचंच आहे?"

"किरकोळ हो! चेहऱ्याला जरा लागलंय, बाकी प्रकृती ठणठणीत."

मागे मिस्त्री खोकला. वस्तादांनी लक्ष दिलं नाही.

"इंजिन?"

"इंजिन? अहो, मधुर आहे!"

"चालते का गाडी?"

आता असं कोणी विचारल्यावर वस्ताद थांबतात होय! "चालते? बसा! बसाच तुम्ही!" म्हणत त्यांनी दार उघडलं. बाई बसल्या. गाडी गॅरेजमधून निघाली, चौकाला वळसा घालून, बाजारपेठेतून, चढावरच्या शाळेपर्यंत गेली. चढावर वस्तादांनी मुद्दाम थांबवून पुन्हा उचलून दाखवली. नेमक्या त्याच वेळी बायको कामावरून चालत येत होती. तिने बघितलं, तर मोडीत काढलेली गाडी समोरून चकाकत येतेय, आत नवरा हातवारे करतोय आणि शेजारी एक अनोळखी बाई काहीतरी लिहून घेतेय!

"अहो!" ती ओरडली.

वस्तादांनी हॉर्न वाजवून तिला सलाम केला आणि पुढे निघून गेले.

गॅरेजला परत आल्यावर बाईंनी एकच शेवटचा प्रश्न विचारला. "तुमच्या मते हिची किंमत किती?"

"सव्वा लाख. आणि तीसुद्धा तुम्ही चांगल्या घरच्या वाटता म्हणून."

बाईंनी वस्तादांकडे जरा वेळ बघितलं, मग कागदाकडे, आणि म्हणाल्या, "मला पटतंय."

पटतंय! तीस वर्षांत इतक्या लवकर सौदा कधी पटला नव्हता!

आठ दिवसांनी पत्र आलं. वस्तादांनी ते दुकानातच फोडलं आणि उभ्यानेच वाचलं. 'आपण मांडलेली बाजू कंपनीने पूर्णपणे मान्य केली असून गाडीची किंमत सव्वा लाख धरण्यात येत आहे.' पुढचं वाचायची गरज काय? वस्ताद दुकानाच्या पायरीवर आले आणि त्यांनी ते वाक्य शेजारच्या चष्मेवाल्याला वाचून दाखवलं. मग समोरच्या शिंप्याला. मग दुकान अर्धं बंद करून ते घरी निघाले, जिना चढून आधी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, "गाडी आमची! परवा पैसे!" एक रुग्ण तोंड वासून खुर्चीत पडला होता, त्यालाही त्यांनी वाक्य वाचून दाखवलं.

बायकोने पत्र हातात घेतलं. ती रोज दुसऱ्यांच्या रक्ताचे रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. तिने हेही वाचलं.

"अहो, दुसरा परिच्छेद वाचलात?"

"सारांश पहिल्यातच आहे."

"'सर्व्हेअरच्या अहवालानुसार दुरुस्तीचा उरलेला खर्च अवघा चाळीस हजार आहे,'" बायको वाचू लागली. तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "'सव्वा लाखाच्या मानाने तो पाऊण पटीहून बराच कमी असल्याने गाडी मोडीत काढण्याचा आधीचा निर्णय रद्द करण्यात येत आहे. चाळीस हजार थेट गॅरेजला दिले जातील. आपली गाडी आपल्याला अशीच दीर्घकाळ साथ देवो.'"

बायकोने पत्राची घडी घातली.

"म्हणजे आपल्या हातात किती?" वस्तादांनी विचारलं.

"गाडी."

वस्ताद खाली बसले. आपण एकही मुद्दा हरलेलो नाही हे त्यांना दिसत होतं. किंमत आपली, अहवाल आपल्या बाजूने, शब्द न् शब्द आपला. आणि तरी!

बायको रडली नाही. रडली असती तर परवडलं असतं. ती म्हणाली, "बारा वर्षं मी थांबले. मी काही बोलणार नाही," आणि आत जाऊन तिने भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी. गिऱ्हाईक हातचं गेलं तर दुसरं येतं, पण हे त्यातलं नव्हतं.

त्यांनी मुकाट्याने फोन उचलला आणि सर्व्हेअर बाईंना लावला. या वेळी संभाषण दोन मिनिटांचं झालं, आणि त्यातली पावणेदोन मिनिटं बाई बोलल्या.

"काय म्हणाल्या?" बायको दारात आली.

"जुना निर्णय परत उघडता येईल. सत्तर हजार मिळतील. पण..." वस्ताद मिशी ओढायला लागले. "पण मी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. गाडीची खरी हालत काय आहे ते. ठोकाठोक, पुट्टी, सगळं. उद्या दुपारपर्यंत."

"मग द्या ना!"

"अगं, आपल्याच मालाला? लेखी?"

बायकोने कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसली. "लिहा. गाडी जुनी आहे."

वस्तादांनी लिहिलं. बायकोने वाकून बघितलं. "'गाडी अनुभवी आहे'? खोडा ते!"

"बरं, बरं."

"पुढे. बॉनेटला पुट्टी भरली आहे."

"'बॉनेटचा उच्च दर्जाच्या पुट्टीने...'"

"अहो!"

चार कागद फाटले. पाचव्यावर सगळं उतरलं. गाडी जुनी आहे. पत्रा गंजलेला आहे. दिवा तारेने बांधलेला आहे. इंजिन केव्हाही बंद पडेल. चमक पॉलिशची आहे. शेवटचं वाक्य लिहिताना वस्तादांचे डोळे खरंच भरून आले. एकोणीस वर्षं त्या गाडीने त्यांना कुठे कुठे नेलं होतं, आणि हे असे फेडले तिचे पांग! बायकोने ते पाहिलं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण कागद सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं कंपनीच्या कचेरीत गेले. बायको पावती घ्यायला खिडकीशी वळली तेवढ्यात वस्तादांनी कागद सर्व्हेअर बाईंच्या टेबलावर ठेवला, जरा थबकले, पुन्हा उचलला, खिशातून पेन काढून काहीतरी खरडलं आणि परत ठेवला.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता त्या मान डोलावत होत्या. "छान. अगदी स्पष्ट लिहिलंय. सत्तर हजार शुक्रवारी जमा होतील." मग त्या सहीच्या खाली आल्या आणि थांबल्या.

"हे काय?"

बायको परत आली होती. तिनेही वाकून वाचलं. सहीच्या खाली ताज्या शाईत एक ओळ होती.

'तरीही सदर गाडी कोणास हवी असल्यास दुकानात भेटावे. भाव समक्ष.'

बायकोने डोळे मिटून घेतले. सर्व्हेअर बाईंनी कानामागचं पेन काढलं, पट्टी लावून ती ओळ सरळ खोडली आणि कागद वस्तादांपुढे सरकवला.

"खाडाखोडीवर सही करा."

वस्तादांनी सही केली. मग टेबलावर अंगठा टेकून हळूच म्हणाले, "बाई, हे टेबल बदलायचं काही मनात आहे का तुमच्या?"