काळ्या शाईतली मथुरा

मथुराबाई कोळपकरांच्या तिकिटाचा पहिला नमुना कॅनडाहून आला, तेव्हा त्या ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. पोस्टमनने पाकीट त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ते उघडलं, काळ्या शाईतला स्वतःचा चेहरा पाहिला आणि आत हाक मारली, "अहो, माझं आलं."

नाशिकच्या भांडीबाजारात याचं कोणाला नवल नव्हतं. त्या गल्लीतलं माणूस जायचं झालं, की कॅनडात त्याचं पोस्टाचं तिकीट निघायचं. कॅनडातच का, हे कोणी विचारलं नाही. कुठेतरी निघणारच. आधी नमुना घरी यायचा. त्याच्या खाली दोन चौकटी असायच्या, एक 'मंजूर'ची आणि एक 'दुरुस्ती'ची. घरच्यांनी मंजूरवर सही केली, की तिकडे तिकिटं छापायला घ्यायची, आणि तिकीट विक्रीला आलं त्या दिवशी माणूस जायचं. तिकिटावर जिवंत माणूस चालत नाही, हे लहान पोरालाही समजतं.

कोणी चलाखी केली नव्हती असं नाही. कोपऱ्यावरच्या घरात म्हातारबांचा नमुना आला, तो पोरांनी माळ्यावर लपवला. मुदत उलटली. 'उत्तर नाही, सबब मंजूर' असं कार्ड आलं, आणि म्हातारबा भाकरीचा तुकडा मोडता मोडता गेले. तेव्हापासून लोक वेळेवर सही करत. नमुन्याकडे नीट बघतसुद्धा नसत. डोळ्यांत पाणी असताना कोण बघतो?

दामूअण्णांनी बघितलं. त्यांचा धंदाच बघण्याचा. भांड्यांवर नावं घालायचं काम त्यांनी जन्मभर केलं. लग्नातला हंडा असो की बारशाची वाटी, मांडीवर घ्यायची, छिन्नी टेकवायची आणि टिकटिक टिकटिक करत अक्षर उठवायचं. फार वर्षांपूर्वी टोरांटोच्या एका गिऱ्हाइकाने समया मागवल्या होत्या. त्याच्या पत्राच्या पाकिटावरच्या तिकिटावर राणी होती. दामूअण्णांनी सहज भिंग लावलं तर राणीच्या गालावर रंग नव्हताच, नुसत्या रेघा. दाट झाल्या की सावली, विरळ झाल्या की उजेड. "अगं, हे तर आपलंच काम," ते म्हणाले होते, आणि त्या दिवसापासून त्यांना कॅनडाच्या तिकिटांचा नाद लागला. दातांनी झाड पाडणारा तो बीव्हर, शिडाचं निळं जहाज, सगळं त्यांनी जमवलं. पाकिटावरचं तिकीट ते मथुराबाईंच्या परातीत भिजत घालत. मथुराबाई ओरडत, "माझ्या कणकेच्या परातीत तुमच्या राण्या नकोत." दामूअण्णा म्हणत, "थांब जरा. ओढून काढलं तर फाटतं. आपणहून सुटू दे."

तर दामूअण्णांनी मथुराबाईंचा नमुना उजेडात धरला आणि भिंग लावलं. काम पहिल्या प्रतीचं होतं. केसांची लट न् लट सुटी. पण डाव्या भुवईवर व्रण नव्हता.

लग्नानंतर पहिल्या वर्षी फळीवरून घंगाळ निसटलं होतं. भुवई फाटली, रक्त थांबेना, आणि मथुराबाई एका हाताने डोळा दाबून घंगाळाला पोचा पडला का ते बघत होत्या. तो व्रण. तो नसलेली बाई दामूअण्णांच्या घरात नव्हती.

ते पोस्टात गेले. परदेशी नमुन्यांच्या खिडकीवर लोखंडेबाई बसत.

"दुरुस्ती?" लोखंडेबाईंनी चष्मा कपाळावर नेला. "आजवर कोणी मागितली नाही."

"चौकट छापलीय ना?"

"छापलीय."

"मग?"

लोखंडेबाईंनी नियमांचं पुस्तक काढलं, थुंकी लावून पानं उलटली. "मागता येते. एकदा सांगितलेली चूक पुन्हा सांगायची नाही. तिकडून दुरुस्त होऊन नवा नमुना येईल. हा नमुना सोबत जोडा."

आता काळ्या शाईतला पहिला नमुना म्हणजे काय, हे तिकिटं जमवणाऱ्यालाच ठाऊक. असे चारदोनच काढतात. नमुना दामूअण्णांच्या खिशात होता. बायकोचा होता, मरणाचा होता, तरी त्यांच्या हातून तो सुटेना.

"हरवला," ते म्हणाले.

"मग नुसती दुरुस्ती पाठवते. 'नमुना गहाळ' असा शेरा मारते. सापडला तर आणून द्या. कितवा का असेना, सही ज्याच्यावर तोच खरा."

दामूअण्णांनी घरी जाऊन पहिला नमुना तिकिटांच्या वहीत निळ्या जहाजाच्या मागे सरकवला.

दुरुस्ती तिकडे पोचून नवा नमुना यायला एक अख्खा ऋतू गेला. मथुराबाईंनी तेवढ्यात लोणची घातली. नव्या नमुन्यात व्रण होता, अगदी जिथल्या तिथे. मात्र मंगळसूत्राची एक वाटी दबली होती. तीही खरीच चूक. तीही लिहिली. आणखी एक ऋतू मिळाला.

तिसऱ्या नमुन्यात दामूअण्णांना काही सापडेना. त्यांनी सकाळच्या उन्हात पाहिलं, तिरपं धरून पाहिलं. मथुराच होती ती. चोख कामात खोट काढू नये, हा बाजाराचा धर्म. दामूअण्णांनी तो मोडला. त्यांनी लिहिलं, 'नथ डावीकडे आहे, उजवीकडे हवी.'

चौथा नमुना आला त्या सकाळी मथुराबाई शेजारच्या लग्नाला निघाल्या होत्या. आरशासमोर नथ घेऊन उभ्या राहिल्या तर डाव्या नाकपुडीला भोकच नाही. उजवीला होतं.

"काय लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"नाक."

"नाकच मिळालं का? मला विचारायचं तरी. मी पायाचं बोट दिलं असतं."

"तिकिटात पाय येत नाहीत."

मथुराबाईंनी थोडा विचार केला. "तेही खरंच," म्हणाल्या, आणि नथ उजवीकडे घालून लग्नाला गेल्या.

पुढे दोघं मिळून ठरवू लागले. जेवणं झाली की नमुना मध्ये ठेवायचा आणि बाजारात भाजी निवडावी तसं निवडायचं.

"हनुवटीवरचा तीळ द्या. मला कधीच आवडला नाही."

"मला आवडतो."

"मग कानाची पाळी? तिच्याशी तुमचं काही नातं?"

कानाची पाळी गेली, म्हणजे आखूड झाली. पुढच्या ऋतूत तीळही गेला. त्याच्या पुढच्या खेपेला भांग कडेला सरकला. प्रत्येक दुरुस्ती तिकडून बिनचूक होऊन यायची. त्या कामात खोट काढायला जागाच नसायची, हेच तर दुखणं. मथुराबाई आरशासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "या बाई, बसा. ओळख करून घेऊ."

मग दामूअण्णांनी ओठाला हात घातला. मथुराबाईंना त्यांनी विचारलं होतं, त्याही हो म्हणाल्या होत्या. 'डावा कोपरा केसभर वर हवा.' दामूअण्णांना कळायला हवं होतं. तोंडाचा सगळा भाव त्या एका रेघेवर तोललेला असतो. केसभर म्हणजे तिथे कोसभर.

नवा नमुना आला आणि मथुराबाई हसऱ्या झाल्या. त्याच आठवड्यात समोरच्या द्वारकाबाईंचा नातू तापाने गेला. पोराचा नमुना कधी आला, कधी त्याच्या बापाने न बघता सही केली, कोणाला कळलंही नव्हतं. मथुराबाई भेटायला गेल्या. त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती आणि तोंड हसत होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. पदरामागेही ते हसत राहिलं.

द्वारकाबाई म्हणाल्या, "मथुरे, तू आत्ता घरी जा."

मथुराबाई घरी आल्या. त्यानंतर त्या गल्लीत फारशा दिसल्या नाहीत. निवडायच्या भाज्या त्या आतच निवडत.

पुढचा नमुना आला तेव्हा दामूअण्णांनी त्यांना विचारलं नाही. मुदत संपत आली होती, आणि विचारलं तर ती काय म्हणेल, याची त्यांना भीती वाटली. त्यांनी एकट्याने लिहिलं, 'नजर समोर आहे, किंचित डावीकडे हवी.' त्यांना वाटलं, किंचित तर आहे.

तो नमुना आला त्या दिवसापासून मथुराबाईंना दामूअण्णांकडे बघता येईना. त्या बोलायच्या त्यांच्याशी, पण बघायच्या त्यांच्या खांद्यापलीकडच्या समयांच्या फळीकडे. दामूअण्णा उठून फळीखाली जाऊन बसले. नजर आणखी सरकली आणि खिडकीवर गेली. ते खिडकीपाशी गेले. नजर दारावर गेली. असं ते घरभर फिरले. शेवटी दमून पहिल्या जागी येऊन बसले.

"कुठे आहात?" मथुराबाईंनी विचारलं.

"इथेच. तुझ्यासमोर."

"समोर मला समया दिसतात." त्या हसतच होत्या, आता दुसरं काही येत नव्हतं. "हे तुम्ही लिहिलंत?"

"किंचितच लिहिलं."

बाहेर कोणाच्या तरी दुकानात हंड्यावर ठोके पडत होते.

"आता पुढच्या खेपेला काय देणार?" मथुराबाई म्हणाल्या. "माझ्याकडचं संपलं हो. ही जी बाई तुम्ही जगवलीत, ती तुमच्या पोळ्या करते, तुमचं धोतर वाळत घालते. तिला तुम्ही दिसत नाहीत. मग मी कशाला राहू इथे, समयांसाठी?"

"तू राहा," दामूअण्णा म्हणाले. "कशीही राहा."

"कशीही राहायला मी काय पोचा पडलेलं घंगाळ आहे?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पहिला आणा. जहाजामागचा."

दामूअण्णांनी वही ओढून मांडीवर घेतली.

"मला ठाऊक आहे. तो तुम्ही पाठवला असतात, तर मला तुमचीच काळजी वाटली असती. आणा."

त्यांनी वही उघडली. जहाजामागून नमुना काढून मथुराबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांना तो सरळ बघता येईना. मान वळवून, तिरक्या डोळ्याने त्यांनी तो पाहिला. तीळ होता. नथ डावीकडे होती. ओठ जसा होता तसा, ना हसरा ना रडका.

"हीच," त्या म्हणाल्या. "हिच्यावर सही करा."

"हिला व्रण नाही."

"मग घाला. जन्मभर लोकांच्या भांड्यांवर नावं घातलीत. माझं एवढं काम करा."

दामूअण्णांनी सगळ्यांत बारीक छिन्नी घेतली. कागदावर त्यांनी आजवर कधी छिन्नी टेकवली नव्हती. व्रण म्हणजे रेघ नव्हे, रेघांची तोड. तिथे काही कोरायचं नसतं, शाई उचलायची असते. हातोडीचा प्रश्नच नव्हता. श्वास रोखून त्यांनी भुवईवरून टोक एकदाच फिरवलं. काळ्यात एक पांढरा तुटका माग उमटला. त्यांनी फुंकर मारली आणि खाली मंजूरच्या चौकटीत सही केली.

"सापडला?" लोखंडेबाईंनी खिडकीतून विचारलं.

"सापडला."

त्यांनी नमुना उजेडात धरला. "हा ओरखडा कसला?"

"तो तिचाच आहे."

"मग ठीक." त्यांनी शिक्का मारला.

दामूअण्णा परतले तेव्हा मथुराबाई ओट्यावर बाहेर येऊन बसल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी ते दिसल्यापासून दारात पोचेपर्यंत त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. दामूअण्णांना चालणं अवघड झालं.

"किती वाळलात हो," मथुराबाई म्हणाल्या. "चहा ठेवते."

छपाईला वेळ लागतो. छपाईचे धातूचे पत्रे करायचे, रंग ठरवायचा, कडेची भोकं पाडायची. तेवढा वेळ त्यांना मिळाला. मथुराबाईंनी त्यातला पहिला दिवस द्वारकाबाईंकडे घालवला. गेल्या आणि पोटभर रडल्या, तोंड वेडंवाकडं करून, हुंदके देऊन. द्वारकाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग घरी येऊन त्या रोजच्या कामाला लागल्या. दामूअण्णा काम सोडून बघत बसले, की म्हणायच्या, "भिंग आणून देऊ?"

तिकीट बाहेर पडलं तो दिवस साधाच होता. मथुराबाई मेथी निवडत होत्या. अर्धी जुडी झाली होती. त्यांनी दामूअण्णांकडे पाहिलं, काही सांगायला तोंड उघडलं, आणि राहून गेलं. दामूअण्णांनी उरलेली जुडी निवडली, मग शेजाऱ्यांना बोलावलं.

दिवाळीच्या सुमाराला टोरांटोहून पत्र आलं. जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलाला देवघरासाठी घंटा हवी होती. पाकिटाच्या कोपऱ्यावर मथुराबाई होत्या, वांगी रंगात. शिक्का गळ्यावरून गेला होता, चेहरा वाचला होता. भुवईवर पांढरा माग स्पष्ट उठला होता. तिकडच्या माणसांनी तो जसाच्या तसा ठेवला होता. चांगले कारागीर होते.

दामूअण्णांनी पाकिटाचा कोपरा कापून घेतला. कणकेची परात काढली, पुसली, तिच्यात कोमट पाणी ओतलं आणि तिकीट वर तोंड करून सोडलं. ते तरंगत राहिलं. कागद हळूहळू भिजू लागला. एक कड सुटली. दुसरी अजून धरून होती.

त्यांनी चिमटा बाजूला ठेवला आणि परातीपाशी मांडी घालून बसले.