दोन सूत फरक

गजभिये काका कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी खिशातून पाणसळ काढतात. गवंड्याकडे असते तीच, नळीत बुडबुडा असलेली. टेबलावर ठेवतात, एक डोळा मिटतात आणि म्हणतात, "दोन सूत फरक आहे." रेल्वेत रुळांची पातळी तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रूळ सुटले, पाणसळ सुटली नाही. माझ्या लग्नात स्टेजवर आशीर्वाद द्यायला चढले आणि आधी आमचा सोफा मोजला. आता आमच्यात काही बिनसलं की बायको म्हणते, तो सोफाच तिरपा होता.

निवृत्तीनंतर काकांनी शाळेची एक जुनी पिवळी व्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, संडास. "परदेशात याले आरव्ही म्हणते," ते ज्याला त्याला सांगत. आमच्या चौबे कॉलनीने तिला 'फिरता संडास' म्हणायला सुरुवात केली. त्यात मी पुढे होतो.

मागच्या हिवाळ्यात ते काकूंना आणि मला घेऊन अंबिकापूरजवळच्या ठिनठिनी पत्थरला निघाले. छोट्या दगडाने ठोकलं की हा खडक भांड्यासारखा वाजतो. काकूंना तो कधीचा पाहायचा होता. मला कशाला नेलं, ते तिथे पोचल्यावर कळलं. चाकांखाली विटा सरकवायला.

काका आत पलंगावर पाणसळ ठेवून बसले. "मागचं डावं अजून उचल, भाऊ. आता उजवं. नाही, दोन सूत फरक आहे." तासभर हेच. शेजारच्या तंबूतला पोरगा म्हणाला, "अंकल, सनसेट निकल जाएगा."

"जाने दो बेटा, वो लेव्हल में ही जा रहा है."

माझी कंबर धरली होती. "एक रात्र तर झोपायचं आहे, काका. काहून एवढं करून राहिले?"

काका खाली उतरले, मला व्हॅनच्या मागे घेऊन गेले.

"तुह्या काकूले चक्कर येते. पलंग जरासा उतरता असला तरी गरगरते. सात वर्षं झाले, घराबाहेर झोपली नाही. पोरीकडंबी नाही. लोक म्हणते, गजभियेले याड लागलं. म्हणू दे. तिले कोणी बिमार म्हणू नये."

मला माझीच लाज वाटली. पुढची वीट मी न सांगता लावली.

सकाळी व्हॅनचं दार उघडलं. काकू शाल सारखी करत उतरल्या. "झोप लागली," एवढंच म्हणाल्या आणि खडकाकडे चालू लागल्या.

"चला काका," मी म्हणालो.

काकांनी माझा दंड धरला. "थांब. माहा हात न धरता चालून राहिली ती. मले पाहू दे."