उजेड पिकेपर्यंत

गजभिये मास्तरांना घड्याळात किती वाजले हे कधीच माहीत नसे. घरात घड्याळ होतं, पण त्याला किल्ली द्यायचं काम त्यांच्या थोरल्या बहिणीचं, ठमाआत्याचं. मास्तर वेळ पाहत ती उजेडावरून. सकाळी मी शाळेला निघाले की ते अंगणात उभे असायचे, एक डोळा मिटून, कडुनिंबावर ऊन कुठवर उतरलं ते निरखत. "मास्तर, चला, प्रार्थना सुरू होईल," म्हटलं की म्हणायचे, "थांबा बाई, उजेड कच्चा आहे अजून."

त्यांच्या हिशेबी सकाळचा उजेड कच्चा, दुपारचा जून. दिवेलागणीच्या आधी थोडाच वेळ तो पिकतो आणि मग गळून पडतो. एरवी शहाणा असलेला हा माणूस या एका बाबतीत कोणाचं ऐकून घेत नसे.

आम्ही दोघं एकाच शाळेत. ते चित्रकलेचे, मी गणिताची. प्रताप नगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांच्या खुळाचा पहिला वाटा माझ्याच ताटात पडायचा. एकदा त्यांनी सातवीच्या मुलांपुढे चित्रासाठी हिरवी पपई ठेवली. तास सकाळचा, आणि मास्तरांना हवा संध्याकाळचा उजेड. तास बदलून घेण्याच्या खटपटीत दिवस गेले, पपई पिवळी झाली, मऊ पडली, तिच्यावर चिलटं घोंघावू लागली. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "पपईले घाई झाली, सर."

यावर आम्ही शिक्षकांच्या खोलीत खूप हसलो होतो. पण या खुळाची दुसरी बाजूही मला माहीत होती. मास्तरांची बायको शेवंता माझी पहिली शेजारीण. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा मला चूल पेटवता येत नव्हती. ते तिनं शिकवलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी कामं आटोपली की ती उंबऱ्यावर बसायची आणि मास्तरांना म्हणायची, "माहं चित्र काढा ना." मास्तर कागद-पेन्सिल घेऊन बसायचे, मान तिरकी करून पाहायचे आणि म्हणायचे, "उजेड पिकू दे." तेवढ्यात दूध उतू जायचं, नाहीतर सुजाता रडायची, आणि शेवंता उठून जायची. सुजाताला पाऊल टाकता येत नव्हतं तेव्हाच शेवंता तापानं गेली. चित्र राहिलं ते राहिलंच, आणि फोटोही कोणी कधी काढला नव्हता.

मग गावाहून ठमाआत्या आली आणि तिनं पोर वाढवली. मास्तरांनी दुसरं लग्न केलं नाही. सुजाता दिसायला सगळी बापावर गेली, असंच गल्ली म्हणायची आणि मलाही तसंच वाटायचं.

तर या सुजाताचं लग्न ठरलं. मुलगा मिलिंद, सावनेरचा, शाळेत शिक्षक. वडील कोळशाच्या खाणीत. माणसं चांगली, देण्याघेण्याची भाषा नाही. ठमाआत्यानं अंगणात मांडव कुठून कुठवर घालायचा ते पावलांनी मोजूनही टाकलं. आणि त्या संध्याकाळी मास्तर म्हणाले, "लगन बगिच्यात लावू. तेलंगखेडीच्या. तळ्याच्या बाजूच्या पायऱ्यांवर."

"बगिच्यात?" आत्या म्हणाली. "काहून गा? माकडाचं लगन आहे का?"

"उजेड पिकला की माळा घालायच्या. तेवढंच. बाकी तू म्हणशील तसं."

आत्या माझ्याकडे वळली. "पाहा वं बाई. आपण बौद्ध झालो, मुहूर्त सोडला, पंचांग सोडलं. आता हा उजेडाचं पंचांग घेऊन बसला. बामन तरी टाइम सांगत होता. हा तेही सांगत नाही."

तिचं काही चुकत नव्हतं. मुहूर्ताचं बंधन नाही म्हणून लोक सोयीची वेळ धरतात, रविवार पाहतात. मास्तरांनी मात्र असा मुहूर्त काढला होता की जो कुठल्याही जोशाला काढता आला नसता. आत्याला खरी धास्ती वेगळीच होती. सावनेरच्या लोकांना बाप खुळा वाटला आणि त्यांनी पाय मागे घेतला तर? ती मला आत घेऊन गेली आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "पोट्टीचं जमलेलं मोडंल, बाई. तुम्ही समजवा त्याले."

मी सुजाताला विचारलं. ती म्हणाली, "बाबांनी आजवर स्वतःसाठी काही मागितलं आहे का, काकू? हे एक मागून राहिले. होऊ द्या."

त्या थंडीत संध्याकाळी शाळा सुटली की मास्तर तेलंगखेडीला जात, आणि पुष्कळदा मलाही ओढून नेत. आमचे हे सोबत असत, कारण वाटेत बाजार होतो. तिथं मास्तर आम्हाला पायरीवर उभं करत. "बाई, तुम्ही सुजाता. भाऊसाहेब, तुम्ही जावई. तोंड पाण्याकडे. हनुवटी जरा वर." मी पिकल्या केसांची गणिताची बाई, हे हातात मेथीची जुडी घेऊन नवरदेव, आणि मास्तर एक डोळा मिटून मागे-पुढे करताहेत. शेंगावाला आमच्याकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, "क्या बावा, पिक्चर की शूटिंग चालू है क्या?"

पहिल्या दिवशी मला भूमीत गडप व्हावंसं वाटलं. नंतर मात्र काय झालं कोण जाणे. तळ्यावर वारा पडायचा, पाणी स्वस्थ व्हायचं. पलीकडच्या काठावरची झाडं आधी काळपट, मग जांभळी दिसू लागायची. बगळे एकेक करून परत यायचे. दिवसभर मुलांच्या वह्या तपासून शिणलेलं डोकं हळूहळू रिकामं व्हायचं, आणि मग सगळ्या पायऱ्यांवर तो केशरी उजेड चढून यायचा, कसलीही घाई न करता. आमचं लग्न भर दुपारी झालं होतं, मांडवात, धुरानं डोळे चुरचुरत असताना. ह्यांचा चेहरा त्या दिवशी मी धड पाहिलाही नव्हता. आता मेथीची जुडी धरलेल्या ह्यांचं कपाळ त्या उजेडात उजळलेलं पाहिलं आणि मी चक्क लाजले. ह्यांनाही ते कळलं असावं, कारण परतताना भाजीची पिशवी ह्यांनी माझ्या हातात दिली नाही.

त्यानंतर मी आपण होऊन निघू लागले.

सगळ्यांच्या जागा मास्तरांनी ठरवल्या. तसबिरी कुठे, भंतेजी कुठे, पाहुणे कुठल्या बाजूच्या हिरवळीवर. मला त्यांनी बाजूच्या कठड्याजवळ उभं केलं. "लगनाच्या दिवशी इथून हलू नका, बाई. इथून पोरीचं तोंड पुरं दिसते."

"आणि तुम्ही?"

"मी तिच्या मागं."

मुलीच्या बापानं मागे कशाला उभं राहायचं, असं माझ्या मनात आलं. पण त्यांच्या एकेका गोष्टीचं कारण विचारत बसले असते तर म्हातारी झाले असते.

बागेच्या साहेबांकडे परवानगीला आम्ही दोघं गेलो. साहेबांनी आधीच बजावलं, मांडव चालणार नाही, खुंट्या ठोकायच्या नाहीत, चूल पेटवायची नाही, भोंगा लावायचा नाही. मास्तर प्रत्येक वाक्यावर आनंदानं मान हलवत होते. शेवटी साहेबच गोंधळले. "अहो, मग तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"संध्याकाळचा उजेड," मास्तर म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गणिताच्या तासाला करते तसा चेहरा केला. परवानगी मिळाली.

राहिले सावनेरचे. तिकडे जाताना आत्या एसटीत शब्द बोलली नाही. मिलिंदचे वडील ओसरीवर बसले होते, आडव्या हाडाचा, कमी बोलणारा माणूस. मास्तरांनी सगळं सांगितलं, उजेड कुठून येतो, किती वेळ टिकतो, कसा उतरतो. ऐकणारे एकमेकांकडे पाहू लागले. कोणीतरी हसू दाबलं. आत्यानं डोळे मिटून घेतले.

मिलिंदच्या वडिलांनी मात्र पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मास्तर, मी रोज आठ घंटे जमिनीखाली राहतो. वर आलो की तुमचा तो उजेड पाहाले भेटते मले. थोडा वेळ मी तिथंच उभा राहतो, घरी जात नाही. बायको म्हणते, कुठं राहिला होता? तिले काय सांगू? बगिच्यात लावा लगन. मले चालते."

परतीच्या एसटीत आत्यानं भावाला शेंगा सोलून दिल्या.

लग्नाच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. पण खाणीतली माणसं पाळीच्या भोंग्यावर चालणारी. उशीर नको म्हणून ती भर दुपारीच हजर झाली. झाडाखाली बसायला जाजम टाकलं. स्वयंपाक करायचा नव्हता, म्हणून आत्यानं बुंदीचे लाडू आणि टोपलीभर संत्री आणली होती. ती संत्री पाहुण्यांनी वाट पाहता पाहता संपवली. पोरं सालं पिळून एकमेकांच्या डोळ्यांत रस उडवत होती. भंतेजींनी एकदा विचारलं, "सुरू करायचं का?" मास्तरांनी नाही म्हणून मान हलवली. थोड्या वेळानं आत्या म्हणाली, "लाव गा बावा आता." मास्तरांनी पुन्हा मान हलवली. मिलिंदचे वडील तेवढे तळ्याकडे तोंड करून निवांत बसले होते.

मग पलीकडची झाडं काळपट झाली, आणि मास्तरांनी भंतेजींना हात जोडले.

मेणबत्त्या वाऱ्यानं दोनदा विझल्या. तिसऱ्यांदा आमच्या ह्यांनी टोपी आडवी धरली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. सगळ्यांचे आवाज पाण्यावरून लांब जात होते. पांढऱ्या साडीतली सुजाता खाली मान घालून उभी होती. भंतेजींनी माळ घालायला सांगितली, तिनं हनुवटी वर केली, आणि उजेड तिच्या चेहऱ्यावर आला.

मी कठड्याला धरलं. समोर शेवंता होती. उंबऱ्यावर बसून, मान जरा वर करून माझ्याकडे हसत पाहायची ती. तो वरचा ओठ, गालावरची ती सावली. इतक्या वर्षांत मी तिला पार विसरले होते, आणि विसरले आहे हेही मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायचंही सुचलं नाही.

मी मास्तरांना शोधलं. ते मुलीच्या मागे उभे होते, ठरल्या जागी. त्यांना मुलीचा चेहरा दिसत नव्हता आणि तळ्याकडेही ते पाहत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते, एकटक.

फुलं पडली. लोक नवरा-नवरीभोवती गोळा झाले. मास्तर माझ्यापाशी आले.

"दिसली?" त्यांनी हळूच विचारलं.

"दिसली," मी म्हटलं. "शेवंताच."

"नक्की?"

"नक्की, मास्तर."

त्यांनी कठड्यावर हात टेकला. "मले तिचं तोंड आठवत नाही, बाई. चित्रकलेचा मास्तर मी. कागद घेऊन बसतो, तर दुसरीच कोणी बाई निघते. मागच्या साली सुजाता इथं उभी होती, अशाच उजेडात, तर वाटलं, हीच ती. पण स्वतःलेच म्हटलं, गंगाधर, तुले पाहायचं आहे म्हणून दिसून राहिलं. ठमाले विचारलं असतं तर तिनं माह्यासाठी हो म्हटलं असतं. तुम्ही गणिताच्या. तुम्ही उगाच हो म्हणणार नाही."

"अहो, पण तुम्ही मागे का उभे राहिलात? समोर उभं राहून स्वतः पाहायचं ना."

"भेव वाटलं," मास्तर म्हणाले. "नसती दिसली तर?"

माझ्या शेजारी हा माणूस इतकी वर्षं राहिला, आणि मी त्याच्या पपईवर हसत आले होते. पायऱ्यांवरून ऊन वर सरकत चाललं होतं. मी त्यांच्या दंडाला धरलं, असं आमच्यात कधी कोणी कोणाला धरत नाही, आणि त्यांना गर्दीकडे ढकललं. "जा आता. उजेड चालला."

लोकांनी बापाला वाट करून दिली. मास्तर मुलीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. यावेळी त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते. सुजाताच्या केसांत पाकळ्या अडकल्या होत्या, तिला वाटलं त्याच काढायला आले.

"बाबा," ती हसून म्हणाली, "काय पाहून राहिले?"

"काही नाही वं," मास्तर म्हणाले. "जरा अशीच उभी राहा."

ती उभी राहिली.