सगळे मावले, गाडी उरली

गाडी बघायला पुरुष येतो, पण ती घ्यायची की नाही हे त्याची बायको ठरवते. हे ज्ञान मला कुठल्या कॉलेजात मिळालेलं नाही. शोरूमच्या दारासमोरच्या टेबलावर बसून वर्षानुवर्षं "या, बसा, पाणी घ्या" म्हणता म्हणता ते आपोआप अंगात मुरलं. त्यामुळे आमची नवी गाडी का खपत नाही, या प्रश्नावर सगळ्यांनी हात टेकले तेव्हा मी मालकांना छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, मला एक शनिवार द्या. गाडी जाते की नाही बघा!"

शनिवार मिळाला. गाडी कुठेही गेली नाही. कशी गेली नाही तेच सांगते, पण जरा दमाने. हल्ली मला सगळंच दमाने करावं लागतं.

आमचं शोरूम स्पोर्ट्स कारचं. जुनं मॉडेल होतं तेव्हा लोक नंबर लावून गाडी घ्यायचे. आणि गाडी तरी कशी? आत बसायचं म्हणजे आधी कमरेत वाका, मग डोकं घाला, मग एक पाय, मग देवाचं नाव, मग दुसरा पाय! सीटा दोनच. डिकीत एक छत्री मावायची, तीही मिटलेली. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतली तान्ही मुलं दचकून उठायची. लोक कुरकुर करायचे आणि विकत घ्यायचे. विकत घेतल्यावर जास्त कुरकुर करायचे.

कंपनीने बिचारीने ते मनावर घेतलं. नव्या मॉडेलात एकूण एक कुरकुर मिटवली. दार मोठं, सीट उंच, मागे आणखी दोन सीटा, डिकीत निम्मा संसार जाईल. आणि आवाज? गाडी चालू आहे की बंद हे कळावं म्हणून आत एक हिरवा दिवा दिलाय! इतकी गुणी गाडी, पण काचेमागे उभी राहिली ती राहिलीच. लोक यायचे, तिच्याभोवती फिरायचे, टायरला पायाने हळूच ढोसायचे आणि विचारायचे, "जुनं मॉडेल मिळेल का हो?"

मालकांचं म्हणणं, लाल रंग चुकला. आमच्या सेल्समनचं म्हणणं, किंमत चुकली. या सेल्समनला आम्ही सगळे टाय म्हणतो. त्याची आईसुद्धा फोनवर विचारते, "टाय आहे का?" एवढा तो त्याच्या गळ्यात कायम असतो.

शनिवारी कंपनीचे मोठे साहेब येणार होते. तोवर एकही गाडी गेली नाही तर शोरूमला कुलूप. माझं वय असं, की नव्या नोकरीला म्हातारी आणि घरी बसायला तरुण. त्यात आमचे हे आधीच घरी बसलेले. घरात एका वेळी एकानेच घरी बसावं, या मताची मी आहे. तेव्हा काही करून एक गाडी जायलाच हवी होती.

माझं सावज ठरलेलं होतं. दातांचे डॉक्टर! त्यांच्याकडे जुनं मॉडेल, आणि शनिवारी ते सर्व्हिसिंगला येणार होते. मी परस्पर त्यांच्या बायकोला फोन लावला.

"वहिनी, नवी गाडी बघायला या ना. मागे सीटा आहेत. गुडघे न दुखता बसता येतं."

"खरंच? मग सासूबाईंनाही आणू का?"

"आणा की!"

फोन ठेवून मी टायकडे असं बघितलं, की जणू गाडी विकलीच.

शनिवारी डॉक्टर आले. जुनी गाडी मागे वर्कशॉपमध्ये देऊन पुढे येतात तो काय, शोरूमच्या सोफ्यावर बायको आणि आई!

"तुम्ही इथे?" डॉक्टर म्हणाले. दाढ काढायला आलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो हे त्यांनी रोज पाहिलेलं, पण त्या दिवशी तो त्यांच्या स्वतःच्या मानेवर होता.

"गंमत!" वहिनी म्हणाल्या.

टायने किल्ली दिली. डॉक्टर चालवायला, त्यांच्या शेजारी आई, मागे वहिनी आणि मी. चौघंही असे अलगद बसलो, की कुणाच्या तोंडून साधं "आई गं" निघालं नाही. माझ्या आयुष्यात मी स्पोर्ट्स कारमध्ये प्रथमच माणसासारखी बसले!

"किती छान गार आहे," आई म्हणाल्या. "जरा गार कमी कर. आणि हळू घे."

"आई, अजून गेटमधून बाहेर पडलो नाही."

"म्हणूनच सांगते."

मागून वहिनी म्हणाल्या, "अहो, आता रविवारी तुम्हाला कामं सांगता येतील. किती सामान मावतंय इथे!"

चौकातून वळलो. डॉक्टर दात आवळून बसले होते. तेवढ्यात गाडीतून एक गोड बाई बोलली, "तुम्ही थकलेले दिसता. कृपया विश्रांती घ्या."

"बघ!" आई उसळल्या. "मी रोज सांगते तर ऐकत नाहीस. आता गाडीलाही दिसतंय!"

मी मागून आरशात बघितलं. डॉक्टरांचे डोळे बोगद्यात शिरलेल्या माणसासारखे झाले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी मनातल्या मनात मोठ्या साहेबांशी हात मिळवत होते.

परत आलो. वहिनी उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "आम्ही घेतो! जुनी तुम्ही बदल्यात घ्याल ना?"

मग काय विचारता! टायने गाडीच्या टपावर भली मोठी लाल फीत बांधली. मालकांनी वाटेत असलेल्या मोठ्या साहेबांना फोन केला, "साहेब, गेली! पहिली गाडी गेली! गिऱ्हाईक समोर उभं आहे!"

गिऱ्हाईक समोर नव्हतं. गिऱ्हाईक कुठेच नव्हतं.

"बाथरूममध्ये असतील," टाय म्हणाला. नव्हते. पार्किंगमध्ये नव्हते. शेवटी मी वर्कशॉपमध्ये गेले. मेस्त्रींच्या गाड्या उचलायच्या लिफ्टवर डॉक्टरांची जुनी गाडी उभी होती, आणि आत, सीट पार मागे पाडून, डॉक्टर आडवे!

मी काचेवर टकटक केलं. "डॉक्टर, चला ना. सही करायची आहे."

"आत या, ताई."

आत जाणं म्हणजे काय हे वर सांगितलंच आहे. कमरेत वाकले, डोकं घातलं, एक पाय घातला, देवाचं नाव घेतलं आणि धप्पकन पडले. दार लागलं. श्वास घेते न घेते तोच वर्कशॉपची भिंत खाली जायला लागली.

"ताई, तुम्हाला चक्कर येतेय का?"

"चक्कर नाही हो, आपण खरंच वर चाललोय!"

आमचे मेस्त्री कानांवर आवाज अडवणारी जाड टोपणं लावून काम करतात. गाडी इतकी बुटकी, आणि आम्ही दोघं आत इतके आडवे, की त्यांना रिकामीच वाटली. बटण दाबून ते गाडीखाली शिरले. मी काच खाली करून हाका मारल्या. खालून ठोकाठोकीशिवाय काही उत्तर नाही.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "मला इथे बरं वाटतंय."

उंटावर बसलेल्या शहाणीसारखी मी छताच्या पत्र्याकडे बघत राहिले. "डॉक्टर, नव्या गाडीत वाईट काय आहे, एवढं तरी सांगा. सगळं तर सुधारलंय!"

"तेच ना." त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "दवाखान्यात दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडून बसतात आणि बोलायचं मी एकट्याने. घरी गेलो की सगळे बोलतात, आणि मी नुसतं तोंड उघडतो. मधला रस्ता तेवढा माझा. या गाडीत कुणाला बसवत नाही, म्हणून कुणी येत नाही. आवाज एवढा, की फोन वाजलेला कळत नाही. लोक मला हसतात, या वयात हे काय खूळ म्हणून. खूळ नाही हो, ताई. खोली आहे ही माझी. दार लावता येणारी."

आमच्या घरी अशी खोली एकच, न्हाणीघर. तिथेही दोन तांबे पाणी घेतलं नाही तोच बाहेरून आवाज येतो, "अगं, कात्री कुठे आहे?" बरं, कात्री मिळाली तर थांबावं? "अगं, आता चिकटपट्टी कुठे आहे?"

"म्हणजे मी तुझ्या गाडीत नको!"

हे मी म्हणाले नाही. हे खालून आलं. मी मान काढून पाहिलं. लिफ्टखाली आई, वहिनी, मालक, टाय आणि एक अनोळखी सुटाबुटातले गृहस्थ, सगळे माना वर करून उभे! काच उघडी होती. त्यांनी किती ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळत होतं.

"आई, तसं नाही..." डॉक्टर वरून म्हणाले.

"तसंच आहे! अरे, मला काय हौस आहे तुझ्याबरोबर फिरायची? मी घरात असले की तुम्ही नवरा-बायको मोकळेपणाने भांडत नाही. खोलीत जाऊन कुजबुजत भांडता. म्हटलं, एका दुपारी तरी गाडीत जाऊन बसावं!"

वहिनींनी पदराशिवायच डोळे पुसल्यासारखं केलं. "आणि मी हो का म्हणाले माहितेय? रविवारी तुम्ही आईंना घेऊन बाहेर गेलात, तर मला घरात तासभर एकटीला बसता येईल म्हणून!"

मेस्त्रींनी टोपणं काढली, वर बघितलं आणि परत लावली.

"लिफ्ट खाली घ्या!" मालक ओरडले.

मेस्त्रींनी बटण दाबलं. लिफ्टने एक उसासा टाकला आणि तिथेच राहिली.

सुटातल्या गृहस्थांनी घसा साफ केला. "मी कंपनीकडून आलोय. ज्यांनी गाडी घेतली ते गिऱ्हाईक..."

"वर आहेत," मालक म्हणाले.

"आणि त्या बाई?"

"आमच्याच. त्याही वरच आहेत."

डॉक्टर माझ्याकडे वळले. हळूच म्हणाले, "ताई, तुमच्या शोरूमचं आज ठरणार आहे ना? टाय सांगत होता. तुमची नोकरी वाचत असेल तर घेतो मी ती गाडी."

खरं सांगते, "घ्या" हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. घरचं भाडं, यांची औषधं, सगळं एका रांगेत डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि त्या रांगेच्या शेवटी डॉक्टर, शेजारी आई, मागे सामान, आणि ती गोड बाई म्हणतेय, तुम्ही थकलेले दिसता.

"नको," मी म्हणाले. "तुम्हाला ती शोभत नाही."

खाली टायने फितीची कात्री हातातून सोडली.

मग मी मान बाहेर काढून मोठ्या साहेबांना सांगितलं, "साहेब, लोक कुरकुर करत होते ती कौतुकाने! बायकोला बसता येत नाही, सामान मावत नाही, फोन ऐकू येत नाही, हे सगळं ते मिरवत सांगायचे. तुम्ही ते सगळं दुरुस्त केलंत. आता नवी गाडी म्हणजे आमच्या घरचीच बैठक, फक्त चाकांवर. पैसे मोजून माणूस पुन्हा घरातच कशाला बसेल?"

मोठे साहेब पुढे आले. त्यांनी लटकणाऱ्या जुन्या गाडीच्या पोटाला हात लावला आणि अगदी बारीक आवाजात डॉक्टरांना विचारलं, "ही विकायची आहे का?"

"नाही!" वरून डॉक्टर आणि खालून वहिनी एकदमच म्हणाले.

आम्हाला शेवटी शिडी लावून उतरवलं. मला उतरवायला तिघं लागले, आणि त्यातले एक मोठे साहेब होते. त्यामुळे निकाल त्यांनी जरा सौम्य शब्दांत दिला. शोरूम बंद. पण वर्कशॉप चालू. कारण जुनी गाडी सारखी बिघडते, आणि तिचे मालक तिला जिवापाड जपतात. नवी गाडी खपत नाही आणि बिघडतही नाही. दोन्हीकडून आमचा तोटाच!

तेव्हापासून माझं टेबल मागे, मेस्त्रींच्या शेजारी आलं. टायही आमच्यातच आहे, फक्त टाय काढावा लागला, इंजिनच्या पट्ट्यात अडकतो म्हणून. नाव मात्र तेच राहिलं. डॉक्टर दर महिन्याला काहीतरी बिघडवून आणतात. परवा वहिनी एकट्याच ती गाडी घेऊन आल्या. "आवाज जरा जास्तच येतोय," म्हणाल्या, आणि लाजल्या.

न खपलेली लाल गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभी केली आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सहज तिच्यात जाऊन बसले, दार लावलं, आणि काय सांगू! हातोड्याचा आवाज नाही, फोन नाही, कात्री कुणी मागत नाही. मी डोळे मिटले. ती गोड बाई म्हणाली, तुम्ही थकलेले दिसता. म्हटलं, बाई गं, तुझ्यासारखं आजवर कुणी विचारलं नाही!

मग रोजचंच झालं. आठवडाभर माझ्याइतकी सुखी बाई शोधून सापडली नसती. काल मात्र डबा घेऊन गेले, दार उघडलं, तर पुढे मालक डोळे मिटून बसलेले आणि शेजारी मेस्त्री, टोपणं काढून.

"या ना, ताई!" मालक डोळे न उघडताच म्हणाले. "मागे टायच्या शेजारी भरपूर जागा आहे!"