अर्जापर्यंत रॅम्प

यवतमाळच्या एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटरची एक जागा निघाली. जागा अंधांसाठी राखीव, अर्ज फक्त ऑनलाइन, मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. आर्णीच्या संघदीपला जन्मापासून दिसत नव्हतं, त्यामुळे त्याची पात्रता वादातीत होती. पण सरकारी नोकरीसाठीची त्याची वयोमर्यादा पुढच्या महिन्यात संपत होती. म्हणजे ही नोकरी नाही, तर कोणतीच नाही.

संघदीपचा मोबाइल पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतो. बँक, वर्तमानपत्र, मेव्हण्याचे लांबलचक निरोप, काही सोडत नाही. पण हा अर्ज उघडला आणि बिचाऱ्याची वाचाच बसली.

"बटण," मोबाइल म्हणाला. "बटण. नाव नसलेलं बटण. चित्र."

राज्यांच्या यादीत तीनदा चुकून गुजरातेत जाऊन परत येत संघदीप कसाबसा तळाला पोचला. तिथे सूचना होती: 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी चित्रातील अक्षरे पाहून लिहा.'

"पाहून सांगू काय मी?" बायको दीपानं विचारलं.

"खाली टिक करा लागते, कोनाची मदत घेतली नाही म्हणून. सरकारी नोकरीची सुरुवात खोटं बोलून करू?"

"लोकं लागल्यावर बोलते. तुमी आधी बोला, फरक काय पडते?"

पण संघदीप पडला सरळमार्गी. बुधवारी सकाळी त्यानं यवतमाळची एसटी धरली.

कार्यालयात 'सुगम्यता कक्ष' होता आणि त्या कक्षात प्रमुख म्हणून सदाशिवराव बसत. "तक्रार ऑनलाइन करा," ते म्हणाले. "सोबत अडचणीचा स्पष्ट फोटो जोडा."

"साहेब, मले दिसत नाही, हेच तं अडचण हाये. फोटो कायचा काढू?"

सदाशिवराव हेलावले. त्यांनी वरून आलेलं परिपत्रक काढलं. 'संगणकीय अर्ज दिव्यांगांना सुगम करावेत,' असा स्पष्ट आदेश होता. दुपारीच गवंडी लागले. गुरुवारी सकाळपर्यंत दारापासून संगणकाच्या टेबलापर्यंत सिमेंटचा रॅम्प तयार, दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे.

"आता अर्जापर्यंत कोणीही पोचेल," सदाशिवराव म्हणाले.

संघदीप कठडा धरून वर चढला. अर्ज उघडला.

"चित्र," मोबाइल म्हणाला.

मग रीतसर चाचणी झाली. प्रफुल्ल नावाच्या कंत्राटी कारकुनाच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला. त्यानं सहा मिनिटांत अख्खा अर्ज भरला, कारण सदाशिवराव मागे उभे राहून एकेक रकाना वाचून दाखवत होते. चित्रातली अक्षरंही त्यांनीच सांगितली. अर्ज शंभर टक्के सुगम ठरला आणि सगळ्यांना आलूबोंडे वाटले.

"साहेब, तुमाले माह्या फोनात टाकता येईन काय?" संघदीपनं विचारलं.

"मुख्यालय सोडायला मला परवानगी लागते."

"मंग इथंच मले वाचून दाखवा."

"ती मदत होईल."

"प्रफुल्लभाऊले दाखवलं, ते काय होतं?"

"मार्गदर्शन," सदाशिवराव म्हणाले आणि त्यांनी दुसरा आलूबोंडा घेतला.

शुक्रवारी सहा वाजेपर्यंत संघदीपनं चौसष्ट वेळा अंदाजानं अक्षरं लिहिली. संगणकानं चौसष्ट वेळा त्याला यंत्रमानव ठरवलं. शेवटी त्याला रडू आलं. यंत्रमानवाला रडू येत नाही हे खरं, पण तसा रकाना अर्जात नव्हता.

छाननीत एकच परिपूर्ण अर्ज निघाला. चाचणीचा, प्रफुल्लचा. तो चुकून सादर झाला होता आणि रद्द करायचा नियम सापडेना. उमेदवाराला दिसतं अशी एक शंका निघाली. पण अर्ज भरताना त्याला काहीही दिसत नव्हतं, याचा सात सह्यांचा पंचनामा हजर होता.

आता फक्त जनतेच्या हरकती मागवायच्या राहिल्या. सूचना टाइप केली, छापली, तिचा फोटो काढला आणि तो जिल्ह्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोडला. 'एकाही नागरिकाने आठ दिवसांत हरकत घेतल्यास ही निवड रद्द होऊन अर्जाची मुदत वाढेल,' असं त्यात ठळक अक्षरांत होतं. संघदीपलाही तो आला.

"चित्र," मोबाइल म्हणाला.

ढाणकीपासून फुलसावंगीपर्यंत डोळस माणसांनी तो उघडला. हरकती आल्या शून्य. नवव्या दिवशी प्रफुल्ल रुजू झाला.

तुमच्याही ग्रुपवर आला होता तो फोटो. तुम्ही त्याला अंगठा दाखवून पुढे पाठवला होता.